खालचं वावर

“आता अजून किती ठिकाणी खणता मले?”

प्रमिलानं विचारलं डॉक्टरांना, पण पाहिलं माझ्याकडे.

डॉ. शिरीन काझी हसल्या. पेशंट गंमत करते आहे असं त्यांना वाटलं असावं. मी टेबलाच्या काचेखाली ठेवलेल्या जुन्या कॅलेंडरकडे पाहत राहिलो. माझी सगळी नोकरी एका कृषी महाविद्यालयात मृदाशास्त्र शिकवण्यात गेली. उन्हाळा लागला, वावरं मोकळी झाली, की मुलांना घेऊन गावोगाव हिंडायचं, खड्डे घ्यायचे, मातीचे नमुने पिशव्यांत भरून आणायचे. ‘खणणं’ हा शब्द आमच्या घरात माझ्यासाठीच राखून ठेवला होता. मी कपाटात पुस्तक शोधत असलो तरी ती स्वयंपाकघरातून विचारायची, “काय खणता तिथं?”

“एकच सुई आहे, काकू,” डॉक्टर म्हणाल्या. “यकृतात जो डाग दिसतोय तो त्याच आजाराचा आहे की दुसराच काही, हे कळायला हवं. आणि त्याच्या आजूबाजूला काय आहे, तेही.”

“मागे मानेतला तुकडा काढला होता ना? तो पाहा. तेवढ्यात नाही भागत?”

“मान वेगळी, यकृत वेगळं.”

“शरीर तर एकच आहे, बाई.”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. पेशंटनं उत्तर दिलं की ते खरं मानायचं की नाही, हे डॉक्टर नातेवाइकाच्या तोंडाकडे पाहून ठरवतात. अशा वेळी माझं तोंड काहीच सांगत नाही. “पाहू,” मी म्हणालो. “म्हणजे… ती म्हणते तसं. किंवा तुम्ही म्हणता तसं.”

प्रमिलानं सुस्कारा टाकला. तो माझ्यासाठी होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा मी नुकता निवृत्त झालो होतो. आता काठीशिवाय फाटकापर्यंत जाता येत नाही. तिचं एक मूत्रपिंड त्याआधीच काढलेलं होतं. त्यातली गाठ पुरती निघाली असं तेव्हाच्या सर्जननी सांगितलं आणि आम्ही अकोल्याला, आमच्या कॉलनीत पेढे वाटले. काही वर्षं बरी गेली. मग मानेत, गळ्याच्या हाडाच्या जरा वर, सुपारीएवढी गाठ हाताला लागली. गोळ्या सुरू झाल्या. त्या थोडे दिवस लागू पडल्या, मग पडेनाशा झाल्या. आता नागपूरच्या या इस्पितळात नवं औषध द्यायचं चाललं होतं, सलाईनमधून. तेवढ्यात यकृतातला डाग निघाला.

प्रमिलाला वॉर्डात नेल्यावर मी डॉक्टरांच्या दाराशी रेंगाळलो. आत जावं की नाही हे ठरेना. शेवटी त्याच उठून बाहेर आल्या.

“सर, काही विचारायचंय?”

“आजूबाजूला म्हणजे काय, डॉक्टर? तुम्ही मघाशी म्हणालात. गाठीच्या आजूबाजूला.”

त्या इस्पितळात मी आपणहून विचारलेला हा पहिलाच प्रश्न असावा. डॉक्टर काझींना तो आवडला. त्या मला खालच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. तिथं एक सूक्ष्मदर्शक होतं, दोघांना एकाच वेळी पाहता येईल असं, दोन्हीकडून डोळे लावायची सोय असलेलं. त्यांनी एक काच बसवली.

“ही काकूंच्या मूत्रपिंडातली. पहिल्या ऑपरेशनची. या फिकट, मोठ्या पेशी दिसतात ना, ती गाठ. आणि हे बारीक, गडद निळे ठिपके आहेत ते आपले. शरीराचे राखणदार म्हणा.”

राखणदार पुष्कळ होते. ज्वारीवर पाखरं उतरावीत तसे गाठीत जागोजाग उतरले होते. मला बरं वाटलं. डॉक्टरांनी काच किंचित सरकवली आणि ठिपके दिसेनासे झाले. नुसते गुलाबी दोर, एकावर एक विणल्यासारखे.

“हे दुसरं कुणाचं?” मी विचारलं.

“त्याच गाठीचं. केसभर बाजूला.”

मग मानेतली काच. तिथं राखणदार होते, पण पहिल्याइतके नाहीत. एका कडेला दाटी आणि दुसऱ्या कडेला शुकशुकाट.

“गाठ एकटी वाढत नाही, सर,” त्या म्हणाल्या. “ती आपल्या भोवतालचं सगळं बदलत नेते. रक्तवाहिन्या आपल्याकडे ओढते. दोर विणून कुंपण घालते. राखणदारांना बाहेर ठेवते, नाहीतर आत घेऊन झोपवते, कधी कधी तर आपल्याच कामाला जुंपते. आमच्या गोळ्यांनीही तिथलं चित्र बदलतं. ही काच त्या दिवशी तिथं काय होतं ते सांगते. आज काय आहे, ते नाही.”

“आणि नवं औषध?”

“ते झोपलेल्या राखणदारांना जागं करतं. पण तिथं कुणी असेल तर. यकृतात पुष्कळदा कुणीच नसतं. अर्थात, हेही पुस्तकात अजून पक्कं झालेलं नाही. अंदाजच आहे.”

मी डोळे बाजूला घेतले. चष्म्याच्या काचा धूसर झाल्या होत्या. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी आमची रीत सांगितली. आम्ही वावरात एकाच जागची माती घेत नाही. नागमोडी चालत पुष्कळ ठिकाणी खड्डे घेतो. बांधाजवळ नको, झाडाखाली नको, उकिरड्याच्या जागी नको. सगळी माती एका घमेल्यात मिसळतो. तिचा ढीग करून चार भाग पाडतो, समोरासमोरचे दोन टाकतो, उरलेले दोन पुन्हा मिसळतो. असं करत करत ओंजळभर उरते. ती त्या वावराची माती.

“मिसळून काय मिळतं?”

“सरासरी.”

“इथं तसं करून चालत नाही,” त्या डोळे चोळत म्हणाल्या. सकाळपासून त्यांनीही काही खाल्लं नसावं. “इथं प्रत्येक जागा वेगळी वाचावी लागते. आणि वाचून होईपर्यंत ती बदललेली असते.”

वर आलो तेव्हा प्रमिला कुशीवर वळून भिंतीकडे पाहत पडली होती. पाठमोरीच म्हणाली, “काय पाह्यलं?”

“तुझी माती.”

“कशी हाय?”

“ठिकठिकाणी वेगळी.”

लग्नानंतर कॉलनीत राहून तिनं पुस्तकातली भाषा उचलली होती. डॉक्टरांशी, प्राध्यापकांच्या बायकांशी ती तीच बोलायची. पण थकली की तिची बोली माहेरची व्हायची. त्या महिन्यांत ती बहुतेक वेळ माहेरचीच बोलत होती.

संध्याकाळी गुणवंत आला. गुणवंत म्हणजे तिचा धाकटा भाऊ. दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यातल्या त्यांच्या गावी शेती पाहतो. खारपाणपट्टा म्हणजे जिथं जमीन काळीभोर आणि खालचं पाणी खारट, अशी पूर्णेकाठची गावं. इतक्या लांबून जीप हाकत आला होता, हातात फडक्यात बांधलेला डबा.

“जेवली का व ताई?”

“तुहीच वाट पाहत होती. काय आणलं?”

“भाकर, झुनका, अन् तुह्या भावजयीचे शिव्याशाप. म्हने, ननंदबाईले सांगा, एकदा येऊन राह्य म्हना, मले तिथं येनं होत नाही.” त्यानं डबा उघडता उघडता माझ्याकडे पाहिलं. “भाऊजी, तुमी काऊन तोंड पाडलं?”

“त्याईनं आज माही माती पाह्यली,” प्रमिला म्हणाली.

“बाप्पा! मंग? मध्यम?”

आणि तो आपल्याच विनोदावर इतक्या मोठ्यानं हसला की शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी डोळे उघडले. त्यानं हात जोडून त्यांची माफी मागितली, आणि वर त्यांनाच सगळी गोष्ट सांगायला बसला.

“मावशी, हे आमचे जवाई. नवीन नवीन नोकरीले लागले तवा आमच्या वावरात माती न्यायले आले. वावर आमचं एकच, लांबलचक. वरचं टोक सडकेले, खालचं नाल्याले. पाह्यलं तर सारं सारखंच काळं. यायनं खड्डे केले, घमेल्यात कालवलं, पिशवी भरली, गेले. मंग कागद आला. क्षार : मध्यम. मध्यम जमिनीत अमकी कपाशी लावा म्हने. आमच्या आबाजीनं, म्हंजे बापानं, लावली. वरच्या वावरात कपाशी मानसाच्या छातीले लागली. खालच्या वावरात घोट्याइतकी झाली अन् जळून गेली.”

“मग?” शेजारच्या बाईंनी विचारलं.

“मंग हे पीक पाहाले आले. आबाजीनं यायचा हात धरला अन् साऱ्या वावरात फिरवलं. म्हने, मास्तर, वर चांगलं हाय, खाली वाईट हाय, तुमचं मध्यम कुठं हाय ते दाखवा जी मले!”

“दाखवलं का?”

“कुठून दाखवतीन! सापडलंच नाही.”

“अन् त्याच मानसाले पोरगी देली,” प्रमिला भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली.

“ते सांगतो ना. भावकीतले म्हनाले, आबाजी, ज्यानं पीक बुडवलं त्याच्या घरी पोरगी देता? आबाजी म्हने, पोरगा खोटं नाही बोलत. सरासरी बोलते.”

बाई हसल्या, मीही हसलो. दरवेळी हसावंच लागतं. माझ्या सासरी तेव्हापासून जे काही धड कळत नाही त्याला ‘मध्यम’ म्हणतात. पाहुण्याची तब्येत मध्यम, कीर्तन मध्यम, सरपंचाची नियत मध्यम. माझ्या नावावर शास्त्रात एवढीच काय ती भर आहे.

प्रमिलानं पाव भाकर खाल्ली. हात धुताना सहज म्हणाली, “पह्यल्या खेपेले किती मानसं होती रे गुणवंता.”

“होती ना. व्हरांड्यात चटई टाकाले जागा नव्हती. यायचे विद्यार्थी तर रक्त द्याले भांडत होते.”

“ननंदा पाळी लावून राहत. एक गेली की दुसरी हजर.”

“हो.”

“दुसऱ्या खेपेले फोन आले. सारे म्हनत, येतो.”

गुणवंत डबा पुसत राहिला. डबा कधीच कोरडा झाला होता. आम्हाला मूलबाळ नव्हतं, पण पहिल्या आजारपणात ते कधी जाणवलं नाही.

“मानसं का मुद्दाम जातात का व ताई,” तो शेवटी म्हणाला. “ज्याचं त्याले पुरते.”

“मी कुठं काय म्हनते. इथं चटई टाकाले जागा झाली, एवढंच म्हनते.”

मग माझ्याकडे वळून ती म्हणाली, “उद्या सांगा त्या बाईले, सुई टाक म्हना. पन ही शेवटची. यानंतर जे असन ते असन. मंग मले कोनी खणायचं नाही.”

मी मान हलवली.

सुई झाली. ती दिवसभर उजव्या कुशीवर निपचित पडून राहिली. अहवाल आला तेव्हा डॉक्टर काझींनी मला पुन्हा खाली नेलं नाही, नुसतं सांगितलं. आजार तोच. आणि गाठीभोवती दोरांचं घट्ट कुंपण, राखणदार जवळजवळ नाहीत.

“म्हणजे उपयोग नाही?” मी विचारलं.

“मानेत होऊ शकतो. यकृतात कठीण वाटतं. पण देऊन पाहावं असं मला वाटतं, सर. मानेतले जागे झाले तर त्यांचं बघून खाली काही होतं का, कोण सांगणार. तिथलं चित्र बदलूही शकतं.”

औषध सुरू झालं. अकोल्याहून नागपूर, नागपूरहून अकोला. कधी गुणवंतची जीप, कधी एसटी. सलाईन लागायचं, संपायचं, परत यायचं. घरी आलो की ती ओट्यावरच बसून राहायची. आत जायचंही त्राण नसायचं. मी पाणी आणून द्यायचो आणि शेजारी पुस्तक उघडून बसायचो. पान उलटत नसे. ती म्हणायची, “एकच पान किती डाव वाचता?” मी म्हणायचो, “कठीण आहे जरा.”

मी तिला पुस्तकांतलं काही सांगितलं नाही. वाचत मात्र होतो. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातल्या एका मुलाला सांगून परदेशी नियतकालिकांतले लेख मागवत होतो. पुष्कळसं कळत नव्हतं. जे कळत होतं ते खरंच कळतंय की मला हवं तसं मी वाचतोय, याचीही खात्री वाटत नव्हती. एवढं मात्र दिसत होतं की ज्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं, त्यांनीही शेवटच्या परिच्छेदात ‘कदाचित’ लिहिलेलं असे.

एक दिवस वेणी घालता घालता ती थांबली. मानेवर हात ठेवून बसली.

“अहो, इकडे या बरं.”

“काय झालं?”

“पाहा तर. लहान झाली.”

मी चष्मा शोधायला लागलो. “चष्मा कायले? हातानं पाहा ना,” ती म्हणाली. पण मी चष्मा लावला, दिव्याजवळ नेऊन पाहिलं, आणि म्हणालो, “वाटतंय खरं. पण सूज कमी-जास्त होते. पुढच्या वेळी डॉक्टरांना दाखवू.” तिनं पदर मानेवर ओढून घेतला.

खरंच लहान होत होती. सुपारीची हरभऱ्याएवढी झाली. पुढं तीही हाताला लागेना. बातमी पसरली तशी माणसं परत यायला लागली. नणंदा आल्या. कॉलनीतल्या बाया आल्या. सगळ्या तिच्या मानेवर बोटं फिरवून पाहायच्या आणि म्हणायच्या, “गेली की हो! अगदी सपाट!” गुणवंतच्या बायकोनं गावच्या देवीला नारळ फोडला. माझा एक जुना विद्यार्थी, आता मोठा अधिकारी, पेढ्यांचा पुडा घेऊन आला. मी सगळ्यांना चहा देत होतो आणि यकृताबद्दल कुणी विचारू नये एवढीच इच्छा करत होतो. कुणी विचारलं नाही. यकृत कुणाला दिसत नव्हतं.

प्रमिलानंही विचारलं नाही. एका बाईंना निरोप देऊन आल्यावर तिनं फक्त माझ्या हातातला पेढा पाहिला. तो मी तसाच धरून बसलो होतो. “खाऊन घ्या,” ती म्हणाली. “मुंग्या लागतीन.”

मग स्कॅन आलं. उन्हाळा चढला होता. प्रमिला आणि गुणवंत बाहेर बाकावर बसले आणि डॉक्टर काझींनी मला एकट्याला व्हरांड्याच्या टोकाशी नेलं.

“सर, दोन गोष्टी आहेत. मानेतली गाठ गेली. स्कॅनमध्येही दिसत नाही.”

“हो.”

“यकृतातली वाढली आहे. शेजारी आणखी दोन आल्या आहेत.”

“म्हणजे…” मी शब्द शोधायला लागलो. “म्हणजे एकूण…”

“एकूण असं काही नाही, सर. दोन्ही खरं आहे.”

व्हरांड्याच्या जाळीतून ऊन येत होतं. त्या जाळीला धरून उभ्या राहिल्या. “हे औषध पुढं चालवण्यात अर्थ नाही, असं माझं मत. दुसरं देता येईल. पण त्याआधी मला पुन्हा सुई टाकावी लागेल, आणि काकूंची ताकद पाहता… त्यांना मी सांगू, की तुम्ही सांगता?”

“मी सांगतो,” मी म्हणालो. असं मी कसं म्हणालो, मला अजून कळत नाही.

तो व्हरांडा लांब होता. चालता चालता मी मनात वाक्यं जुळवली. आधी मानेचं सांगायचं. मग थोडं थांबायचं. मग यकृताचं. ‘वाढ’ हा शब्द वापरायचा नाही. ‘थोडा फरक’ म्हणायचं. नाही, फरक म्हणजे बरं असंही वाटेल. एवढी वर्षं वर्गात बोललो, पण तयारी केल्याशिवाय एक तासही घेतला नाही आणि तयारी केलेलं कधी आठवलंही नाही.

बाकापाशी पोचलो. गुणवंत तिला पाण्याची बाटली उघडून देत होता. दोघांनी वर पाहिलं.

“काय म्हने बाई?” प्रमिलानं विचारलं.

जुळवलेलं सगळं पुसलं गेलं.

“मध्यम,” मी म्हणालो.

मग गुणवंतला हसू फुटलं. “घ्या! भाऊजीचा कागद आला!” मांडीवर थाप मारून तो हसत सुटला. प्रमिलाही हसली. खूप दिवसांनी तशी हसली. बाटलीतलं पाणी तिच्या मांडीवर सांडलं. रांगेतले लोक पाहायला लागले. तिथं असं कुणी हसत नाही.

तिचं हसणं गुणवंतच्या आधी थांबलं. तिनं ओला पदर पिळला आणि माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

“चला,” ती म्हणाली. “निघू. गुणवंता, गाडी वावराकडून घे.”

“वावराकडून? लय फेरा पडन ताई. अन् हे ऊन!”

“पडू दे.”

अमरावतीपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. की डोळे मिटून होती, सांगता येत नाही. गुणवंत शीळ घालत गाडी हाकत होता. त्याच्या लेखी बातमी चांगली होती. मान सपाट झाली होती, आणि बाकी भाऊजींची नेहमीची कुरकुर. मी त्याला काही सांगितलं नाही. तिला आधी कळायला हवं होतं, आणि तिला कसं सांगावं ते मला कळत नव्हतं.

दर्यापूर ओलांडल्यावर डांबरी सडक सुटली. वावर आलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. खाली नाल्याकडे कुणाच्या तरी बकऱ्या शिरल्या होत्या. गुणवंत गाडी थांबवून ओरडत, हातातला टॉवेल फिरवत तिकडे धावला.

“उतरतेस?” मी विचारलं.

“नाही. इथूनच दिसते सारं.”

सडकेकडचा वरचा भाग काळा होता, भेगाळलेला, वखरून ठेवलेला. खाली उतार सुरू होई तिथून रंग बदलत गेला होता. आधी राखाडी, मग नाल्याच्या अलीकडे पार पांढरा, कुणी चुना भुरभुरावा तसा.

“तवा असं नव्हतं ना?” ती म्हणाली. “तुमी आले तवा.”

“नव्हतं. तेव्हा खालचंही काळंच होतं. म्हणून तर मी…”

“गुणवंता म्हनते, दरसाल थोडं वर सरकते.”

“त्यानं खालच्या बोअरचं पाणी दिलं काही वर्षं. आणि नाल्याचा निचराही बंद झाला. चर खणून, जिप्सम टाकून…” मी थांबलो. मी पुन्हा तास घ्यायला लागलो होतो.

“वरचं चांगलं हाय अजून,” ती म्हणाली.

“हो. वरचं चांगलं आहे.”

नाल्याकडून गुणवंतच्या शिव्या ऐकू येत होत्या. बकऱ्या एकीकडून निघून दुसरीकडून आत शिरत होत्या.

“खालचं कोनतं?” तिनं विचारलं.

मला लगेच कळलं. कळलं नाही असं दाखवता आलं असतं, पण तेही मला नीट जमलं नसतं.

“यकृत,” मी म्हणालो. “वाढलंय. आणखी दोन आहेत.”

तिनं मान हलवली. बाजारात भाव विचारून हलवावी तशी.

“आता अजून सुई म्हनत असन ती बाई.”

“हो. दुसरं औषध द्यायचं असेल तर.”

“काय सांगितलं तुमी?”

“काही नाही. पण तू म्हणाली होतीस, ती शेवटची. मी मान हलवली होती. डॉक्टरांना तसं सांगेन.”

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. माझ्याकडून असं सरळ वाक्य तिनं फार ऐकलं नव्हतं.

“अन् मान?”

“मानेतली गेली.”

“पुरी?”

“जवळजवळ. म्हणजे स्कॅनमध्ये दिसत नाही असं त्या म्हणाल्या, पण बारीक काही असलंच तर…”

“तुमी जवळजवळ नका बोलू.” तिनं माझा हात धरला. चष्मा खिशात होता. मी दुसऱ्या हातानं तो काढायला लागलो, तर तिनं तोही हात दाबून धरला. “राहू द्या. हातानं पाहा.”

तिनं माझी बोटं उचलून आपल्या मानेवर ठेवली, गळ्याच्या हाडाच्या वर. तिथं खळगा पडला होता. त्वचा सैल, ऊन झालेली. खाली नाडी लागत होती.

“लागते काही?”

“नाही.”

“घाई नका करू. मास्तर हाय तुमी. नीट पाहा.”

मी नीट पाहिलं. बोटं हळूहळू कानाखालपर्यंत नेली आणि परत आणली. सुपारी नव्हती. हरभरा नव्हता. कुठंच काही नव्हतं.

“काही नाही,” मी म्हणालो.

“मंग तसं म्हना.”

“काय?”

“म्हना, इथं चांगलं हाय. इथं मी बरी आहो. खालचं त्यात कालवू नका.”

मी म्हणालो. दोनदा म्हणावं लागलं.

बकऱ्या हाकलून गुणवंत घामानं निथळत वर आला. गाडीच्या दाराला हात घातला, आत पाहिलं, आणि दार न उघडताच पुन्हा वळला. बांधावर जाऊन उगाच उकिडवा बसला आणि एक ढेकूळ उचलून बोटांनी फोडायला लागला.

मी हात काढला नव्हता.